येझदी सुरू होत नसेल तर इंजिन खोलण्याआधी उद्यमनगरात जा

जुनी जावा किंवा येझदी किक मारून मारून सुरू होत नसेल, गावातल्या गॅरेजवाल्यांनी एकेक पार्ट बदलून बघितला असेल आणि आता "इंजिन खोलायला लागतंय" असं कानावर यायला लागलं असेल, तर होकार देण्याआधी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जाऊन या. लेथवाले, बोरिंगवाले, क्रँक सेट करणारे यांच्या ओळीत एक गॅरेज आहे. त्याला पाटी नाही. दारात जावाच्या टाक्या आणि दोन-दोन सायलेन्सर लटकलेले दिसतात, तेवढीच खूण. जवळच्या चहाच्या गाड्यावर "जावावाले मिस्त्री" एवढं विचारलं की कुणीही बोट दाखवतं. आहे तेवढंच काम पुरे म्हणून मिस्त्रींनी नाव-नंबर कुठे टाकू नका असं सांगितलंय, म्हणून मी टाकत नाही. शोधून जाणाऱ्याला ते सापडतात.

माझं जयसिंगपुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. नदीकाठचे, विहिरीवरचे पंप जळून येतात ते मी भरून देतो. या धंद्यात मी एक गोष्ट धरून चालतो. जळालेली वायंडिंग काढून नवी भरणं हे निम्मंच काम. ती का जळाली, एक फेज गेला होता का, बेअरिंग जाम होतं का, व्होल्टेज कमी पडत होतं का, हे शोधलं नाही तर तीच मोटर पुढच्या हंगामात परत दारात येते आणि शेतकऱ्याचं पाणी आणि पैसा दोन्ही जातं. गॅरेजवाल्यालाही मी याच मापानं मोजतो. त्यानं पार्ट किती बदलले याला माझ्या लेखी किंमत नाही. कारण सापडलं का, ते मला दाखवलं का, एवढंच मी बघतो.

गाडी माझी १९७८ ची येझदी २५०, बी मॉडेल. म्हैसूरच्या यादवगिरीतल्या आयडियल जावा कारखान्यातली. हा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ ला बंद पडला. तेव्हापासून या गाड्या जिवंत आहेत त्या अशा गल्लीबोळातल्या मिस्त्रींच्या जिवावर. २०१८ पासून जावा नावाची गाडी पुन्हा बाजारात आली आहे, पण तिचं इंजिन पाण्यानं थंड होणारं फोर स्ट्रोक आहे. आपल्या टू स्ट्रोकशी त्याचा एक नटही जुळत नाही, तेव्हा नव्या शोरूमकडून जुन्या गाडीसाठी आशा ठेवू नये. आणखी एक, आपण हिला कौतुकानं व्हिंटेज म्हणतो, पण २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडीच व्हिंटेज धरतात. त्यात नोंद केली की नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढता येत नाही. मला तर बाजारहाटाला, दुकानाला हीच गाडी लागते. त्यामुळे पन्नाशी झाली तरी मी त्या वाटेला जाणार नाही.

पावसाळाभर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. बाहेर काढली तर सुरू होईना. प्लग काढला की ओला. पुसून, तापवून लावला तरी पुन्हा ओला. उतारावरून ढकलत नेली तर एकदा धरली, गल्ली पांढऱ्या धुरानं भरून टाकली आणि दम सोडल्यासारखी हळूहळू बंद पडली.

विजेची बाजू माझ्या हातातली, म्हणून ती मी आधीच तपासून घेतली होती. कशी ते सांगतो, सहा व्होल्टची जुनी गाडी असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल. नुसता बॅटरीला मीटर लावून भागत नाही. चावी चालू करून, कॉन्टॅक्ट पॉईंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना, म्हणजे कॉइलमधून करंट वाहत असताना, मीटरची एक वायर चावीकडून करंट येतो त्या कॉइलच्या टोकाला आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला लावून मोजायचं. माझ्या गाडीत बॅटरीपाशी सहाच्या वर व्होल्टेज होतं आणि कॉइलपाशी चारच्या आसपास. बारा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट गळाले तर ठिणगी तग धरते. सहा व्होल्टमध्ये दोन गेले म्हणजे तिसरा हिस्साच गेला. हेडलाइटच्या डोमातल्या चावीच्या स्विचचे संपर्क हिरवे पडले होते आणि बॅटरीची अर्थ वायर रंगावरच आवळलेली होती. स्विच घासला, अर्थची जागा चकचकीत करून घट्ट बसवली, पॉईंट साफ करून त्यांची फट फीलर गेजनं ०.४ मिलीमीटरवर आणली. ठिणगी निळी आणि टणटणीत पडायला लागली. गाडी मात्र सुरू झाली नाही.

मग गावातल्या एका गॅरेजला दिली. त्यांनी कॉइल बदलली. ती चांगली होती. मग कार्बोरेटरचा किट. मग पिस्टन-रिंग घातल्या. प्रत्येक वेळी "आता होईल" म्हणायचे. कॉम्प्रेशन मोजलं का विचारलं तर पायाला लागतंय की, असं उत्तर मिळालं. अखेर पूर्ण इंजिन खोलायचा बेत निघाला तेव्हा मी गाडी छोटा हत्तीत घातली आणि उद्यमनगरात नेली.

तिथे पहिला अर्धा तास गाडीला कुणी पानाच लावला नाही. मिस्त्री साठीच्या पुढचे, अंगानं बारीक, बोलणं हळू. त्यांनी स्टुलावर बसवून प्रश्न विचारले, आणि हे प्रश्नच मला पहिल्यांदा पटले.

"बंद पडताना झटक्यात बंद पडली का रडत रडत?"

"रडत रडत, मिस्त्री."

"ढकलून धरत्या?"

"एकदा धरली."

"धूर कसला? निळा का पांढरा?"

"पांढरा. निळसर म्हटला तरी चालेल."

"गिअरचं ऑइल कधी बघितलासा? गाडीखाली सांडल्यालं दिसतंय काय?"

खाली एक थेंब नव्हता. मिस्त्रींनी मान हलवली आणि हाताखाली काम करणाऱ्या आपल्या भाच्याला प्लग काढायला सांगितलं.

या प्रश्नांमागचं गणित त्यांनी नंतर समजावलं. चालती गाडी बटण बंद केल्यासारखी एकदम थांबली तर बहुतेक वेळा वीज तुटलेली असते, म्हणजे वायर, स्विच, कॉइल किंवा कंडेन्सर. आचके देत, जोर सोडत थांबली तर पेट्रोल किंवा हवेचं काहीतरी. ढकलून धरते पण किकनं धरत नाही, तर इंजिनाच्या पोटातून कुठेतरी दाब गळतोय अशी शंका घ्यायची, कारण ढकलताना इंजिन जोरात फिरतं आणि गळायला वेळच मिळत नाही.

प्लग हातात आला. ओलाच होता. भाचा लगेच म्हणाला, "प्याट्रोल जास्त व्हतंय." मिस्त्रींनी प्लगच्या टोकाला बोट लावलं, बोट अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं.

"प्याट्रोल असतं तर आतापातूर उडून गेलं असतं. ह्ये बघा, हाय तसंच हाय. ह्ये ऑइल हाय, आन ते बी टू टी न्हवं. गिअरचं."

टू टी म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कुठलं यंत्र लागत नाही. ओला प्लग बघितला की आपल्याकडे सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात. कशानं ओला झालाय हे बोटावर चोळून बघायला काही सेकंद पुरतात, आणि आधीच्या गॅरेजमध्ये ते कुणीच केलं नव्हतं.

तरीही मिस्त्रींनी ठिणगी तपासलीच. मी मोजलंय म्हटलं तर म्हणाले, "तुमी बघितलासा, आता मी बघतो." मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. मीही गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर मोटर सोडत नाही. त्यांनी सहा व्होल्टचा बल्ब कॉइलपाशी लावून त्याचा उजेड बघितला, प्लगची वायर इंजिनापासून बोटभराच्या आत धरून ठिणगी किती लांब उडते ते बघितलं आणि ती बाजू संपवली. मग कार्बोरेटर तसाच राहू देऊन प्लगच्या भोकातून चमचाभर पेट्रोल आत टाकलं, प्लग लावला, किक मारली. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. याचा अर्थ ठिणगी आहे, वेळेवर आहे, वरचा दाबही पेटण्याइतका आहे. खालून माल येत नाही.

आता ज्या तपासणीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो. टू स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची क्रँकची पेटी हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की त्या पेटीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की तीच दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलली जाते. म्हणून ही पेटी हवाबंद असायला लागते. क्रँकची दोन टोकं पेटीतून बाहेर येतात. उजवीकडे डायनॅमो, डावीकडे क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन. दोन्हीकडे शाफ्टला रबरी ओठ असलेलं ऑइल सील असतं. उजवं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं. डावं गेलं तर चेनकेसमधलं, म्हणजे गिअरबॉक्सचंच ऑइल आत ओढलं जातं. खाली थेंब सांडत नाही, कारण ते जळून धुरातून जातं.

हे कागदावर मला माहीत होतं. पण इंजिन न खोलता सिद्ध कसं करायचं? मिस्त्रींनी कपाटातून डॉक्टरकडचं बीपी मोजायचं यंत्र काढलं, घड्याळासारखी काट्याची चकती आणि रबरी फुगा असलेलं. दंडाला गुंडाळायचा पट्टा काढून टाकलेला. कार्बोरेटर सोडवला आणि त्या जागी रबराचा तुकडा लावून एक लोखंडी पट्टी आवळली. पट्टीला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह डाखलेला. दोन्ही सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडात रबरी बूच ठोकले. पिस्टन खाली आणून ठेवला, म्हणजे पेटीतून वर माल नेणारे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) उघडे राहतात आणि वरची-खालची जागा एक होते. प्लग घट्ट. मग फुगा दाबत दाबत काटा अडीचशेवर नेला. टायरच्या भाषेत हा दाब पाच पौंडाच्या आसपास भरतो. सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट आणि सील यांना एवढा पुरे, जास्त दिला तर चांगलं सीलही जागचं हलतं.

काटा तिथे टिकायला हवा होता. मिनिटभरात थोडा सरकला तर हरकत नाही, असं मिस्त्री म्हणाले. माझ्या गाडीचा काटा डोळ्यादेखत खाली आला.

गळतंय हे कळलं, पण कुठून? भाच्यानं ब्रशनं साबणाचं पाणी सगळ्या जोडांना लावलं. बुडाचं गॅस्केट, हेड, कार्बोरेटरचा फ्लँज. कुठेच फेस नाही. डायनॅमोचं कव्हर काढून उजव्या सीलपाशी लावलं, तिथेही नाही. मग मिस्त्रींनी गिअरबॉक्सचं ऑइल भरायचं बूच काढलं, त्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरला आणि पुन्हा फुगा दाबायला सांगितलं. पडदा फुगत वर आला. फुटला. पुन्हा धरला, पुन्हा फुगला.

क्रँकच्या पेटीतली हवा गिअरबॉक्सच्या तोंडातून बाहेर येत होती. मध्ये फक्त डावं सील. आता वाद घालायला जागाच उरली नव्हती. मी तीस वर्षं मेगर, म्हणजे वायंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून गिऱ्हाइकाला काटा दाखवतो, तेव्हा माझं जे समाधान असतं ते त्या दिवशी मला समोरच्या बाजूला बसून मिळालं.

पुढचं काम त्यांनी त्या मानानं झटपट केलं. क्लचची बाजू उघडली, चेन आणि क्रँकवरचं दातेरी चाक पुलरनं काढलं. नवं सील बसवण्याआधी दोन गोष्टी बघितल्या. क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवलं, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. खेळ असता तर नवं सीलही थोड्या दिवसांत कापलं गेलं असतं आणि मग इंजिन खोलणं भाग होतं. दुसरं म्हणजे शाफ्टवर जिथे सीलचा ओठ फिरतो तिथे नख फिरवून खाच पडली आहे का ते पाहिलं. थोडा गंज होता, बारीक पॉलिश पेपरनं गेला. साध्या रबरापेक्षा व्हायटॉनचं सील घाला, थोडं महाग पडेल पण हल्लीच्या पेट्रोलला टिकेल, असं त्यांनीच सुचवलं. जुनं सील माझ्या हातात दिलं. ओठ दगडासारखा कडक झाला होता आणि एका बाजूला चीर. महिनोन् महिने गाडी एकाच जागी उभी राहिली की ओठ असा वाळतो, म्हणून पावसाळ्यातही आठवड्याला एकदा इंजिन फिरवत जा, असं त्यांनी बजावलं.

पोटात साचलेलं ऑइल काढून, गिअरबॉक्समध्ये नवं भरून, पुन्हा तोच फुगा लावला. काटा थांबला. तो थांबलेला काटा मला दाखवून मगच कार्बोरेटर चढला. यिकॉव कार्बोरेटरची टिकली दाबून पेट्रोल वर आणलं, गिअरचा लिव्हर आत दाबून वर उचलला आणि मिस्त्रींनी मलाच किक मारायला लावली. गाडी लागली. सायलेन्सरमध्ये मुरलेलं ऑइल जळेपर्यंत धूर येत राहिला, पण विद्यापीठाच्या रस्त्यानं एक फेरी मारून आलो तोवर तो विरळ झाला आणि आवाज मोकळा झाला. दोन नळकांड्यांतून येणारा तो आवाज ज्याच्या घरी येझदी आहे त्याला सांगायला नको.

माझ्या गाडीचं काम चालू असताना शेजारी बेळगावहून आलेली एक जावा उभी होती. तिचं दुखणं वेगळं, पण इतकं नेहमीचं आहे की लिहायलाच हवं. सकाळी पहिल्या किकला सुरू होते, थोडं अंतर चालते, तापली की झटक्यात बंद, आणि गार होईपर्यंत काही केल्या सुरू होत नाही. मालक म्हणाले कार्बोरेटर नवा घातला, टाकी धुतली. मिस्त्रींनी गाडी तापवून बंद पडू दिली आणि मग पॉईंटचं कव्हर काढून किक मारताना आत बघायला सांगितलं. पॉईंटवरच मोठी पिवळी ठिणगी पडत होती. पॉईंटच्या एका तोंडावर टेंगूळ, दुसऱ्यावर खड्डा. ही कंडेन्सर गेल्याची खूण. पॉईंट उघडतात तेव्हा करंट तुटताना जी ठिणगी तिथे पडायला बघते ती कंडेन्सर गिळतो, म्हणून कॉइलचा झटका पुरता प्लगला जातो. कंडेन्सर कमजोर असला की तापल्यावर आतून गळतो, पॉईंटवर जाळ होतो आणि प्लगपाशी काही उरत नाही. या गाड्यांत कंडेन्सर डायनॅमोच्या कव्हरखाली इंजिनाच्या धगीतच बसवलेला असतो.

मिस्त्रींनी तिथला कंडेन्सर सोडवून, दुसरा एक दोन वायरींनी बाहेर लटकवला. तापल्याच गाडीला किक मारली. सुरू. मग तोच टाकीखाली कॉइलच्या शेजारी गार जागी पक्का बसवून दिला. त्यांच्याकडे कंडेन्सर मोजायचा मीटर आहे, बाजारातून आलेल्या नव्या कंडेन्सरमधूनही ते निवडून घेतात. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास भरला तरच ठेवतात. नवा म्हणजे चांगला असं ते धरत नाहीत, आणि माझ्या धंद्यातल्या अनुभवानं मी याला दुजोरा देतो.

पेट्रोलबद्दल त्यांचं मत कडक आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी भरलेली टाकी दमट हवेत महिनोन् महिने राहिली तर पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाला वेगळा थर बसतो, आणि पेट्रोल कॉक नेमका तळातूनच घेतो. त्या थराला ना पेट्रोलचा जोर ना टू टी ऑइलचं वंगण. म्हणून दाराशी आलेल्या प्रत्येक गाडीचं पेट्रोल ते आधी काचेच्या बाटलीत घेतात, उजेडात ठेवतात आणि थर दिसतो का, गंज बसतो का ते बघतात. त्याच वेळी कॉकमधून धार सलग येते का हेही कळतं. धार सुरुवातीला चांगली आणि मग बारीक होत गेली तर टाकीचं झाकण उघडायचं. उघडल्यावर पुन्हा जोरात आली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पावसाळ्यात गाडी ठेवायची असेल तर कार्बोरेटर कोरडा करून ठेवा आणि टू टी ऑइल लिटरला चाळीस मिली धरून आधीच मिसळून मग टाकीत ओता, असा त्यांचा सल्ला. टाकीत वरून ऑइल ओतून गाडी हलवणारे लोक बघून त्यांना वाईट वाटतं. मलाही वाटतं.

आता खर्च. व्हायटॉनचं सील, गॅस्केट, गिअर ऑइल आणि मजुरी मिळून ३,२०० रुपये झाले. आधी नको असलेली कॉइल, कार्बोरेटर किट आणि पिस्टन-रिंग यांवर याच्या दुपटीहून जास्त गेले होते. मजुरी उद्यमनगराच्या मानानं थोडी जास्त आहे, पण तपासणीचे वेगळे पैसे लावत नाहीत आणि तपासणीतच त्यांचा खरा वेळ जातो. माझ्या मते त्यांनी ते लावावेत. डॉक्टरला आपण फी देतोच.

कमतरताही आहेत. काम कधी होणार याची तारीख मिळत नाही. रांग मोठी असते आणि मिस्त्री एका वेळी एकाच गाडीत असतात. फोन दुपारी जेवणाच्या वेळीच उचलतात. बिल तोंडी, मागितलं तर वहीच्या पानावर लिहून देतात. रंगाची, क्रोमची काळजी घेणारं हे गॅरेज नाही. माझ्या टाकीच्या रबरी पॅडखाली एक बारीक ओरखडा आला. सांगितल्यावर भाच्यानं माफी मागितली, पण टाकी जुन्या गोणपाटावर ठेवण्याऐवजी जाड गादीवर ठेवायची सवय त्यांनी लावायला हवी. आणि बुलेट, राजदूत घेऊन गेलात तर परत पाठवतील. "मला एवढंच येतं" असं स्पष्ट सांगतात.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवून मागणारेही तिथे येतात. मिस्त्री बसवून देतात, पण आधी आहे त्या पॉईंटवर गाडी नीट चालवून दाखवतात आणि मगच हात घालतात. मला हे फार योग्य वाटतं. रोज लांब जाणाऱ्याला किट सोयीचा आहे, पण गळक्या सीलवर किंवा कुजलेल्या अर्थवर बसवला तर दोष झाकला जातो आणि पुढे रस्त्यात दगा देतो.

पार्टांबद्दल एक सूचना. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा दिल्लीच्या करोल बागेतून मागवलेले पार्ट घेऊन जाणार असाल तर जाण्याआधी त्यांना विचारा. त्यांच्याकडे काही जुने, वापरलेले पण मूळ पार्ट असतात आणि कित्येकदा नव्या नकलेपेक्षा तेच ते पसंत करतात. मला पॉईंटचा जुना संच त्यांनी घासून दिला, तो आजही चालतोय.

मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा तारखेसाठी आणि ओरखड्यासाठी कापला.

गॅरेज सोमवारी बंद असतं. सकाळी दहाच्या आत पोचलात तर मिस्त्री निवांत बोलतात. गाडी टेम्पोत घालून नेणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी ती धुऊ नका, टाकीतलं पेट्रोल बदलू नका, गिअरबॉक्समध्ये ऑइल वाढवू नका. प्लग काढला असेल तर पुसू नका, आहे तसा कागदात गुंडाळून सोबत न्या. ते सगळ्यात आधी तोच मागतात.